त्याच्या दिवसात त्याचं स्वतःचं काय आहे?

एका बहिणीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: भाऊ सव्वीस वर्षांचा, मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता, छोटी छोटी वाक्यं बोलतो. अठराव्या वर्षी विशेष शाळा संपली, तेव्हापासून घरीच आहे. दिवसभर टीव्ही आणि मोबाइल, वजन वाढलेलं. गेल्या काही महिन्यांपासून तो स्वतःच्या डोक्यावर मारून घेतो, आईला ढकलतो. आई-वडील साठीच्या पुढे गेले आहेत. डॉक्टरांनी शांत राहण्यासाठी गोळी सुरू केली आहे, ती वाढवावी का? आणि शेवटची ओळ: "त्याचं आयुष्य अजून चांगलं होऊ शकतं का, की आता आम्ही फक्त सांभाळत राहायचं?"

ताई, होऊ शकतं, आणि पुष्कळ होऊ शकतं. शाळेचं वय सरलं की अशा मुलांचं शिकणं संपतं, हा समज फार नुकसान करतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांबरोबर मी अनेक वर्षं काम करते आहे. पस्तिशी-चाळिशीत पहिल्यांदा एकट्याने बसने जायला शिकलेली, स्वतःचे कपडे स्वतः निवडून विकत घ्यायला लागलेली माणसं मी पाहिली आहेत. शिकायची ताकद त्यांच्यात आधीही होती. शाळा सुटली आणि शिकण्याच्या संधी एकदम बंद झाल्या, एवढंच झालं होतं. तुमच्या भावाच्या बाबतीतही मला तेच दिसतं आहे.

औषधाचा प्रश्न आधी घेते, कारण तो घाईचा आहे, आणि त्याचं उत्तर शरीरापासून सुरू होतं.

वागणं अचानक बदललं की सगळ्यांत आधी दुखणं शोधायचं. "माझी दाढ ठणकते आहे" हे ज्याला सांगता येत नाही, तो गालावर किंवा डोक्यावर मारून घेतो. कान दुखणं, कानात मळ घट्ट बसणं, दाताचा गळू, आम्लपित्त, बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग, झोप नीट न होणं, यातलं काहीही कारण असू शकतं. अडचण अशी की बौद्धिक अक्षमता आहे हे कळलं की पुढची प्रत्येक तक्रार त्याच खात्यात टाकली जाते: "ही मुलं अशीच करतात." १९८२ साली स्टीव्हन राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की माणसाला बौद्धिक अक्षमता आहे एवढं कळल्यावर तज्ज्ञसुद्धा त्याच लक्षणांना कमी महत्त्व देतात. मूळ निदानाच्या सावलीत दुसरा आजार झाकला जातो. त्यावेळी अभ्यास मानसिक आजारांबद्दल होता, पण शारीरिक आजारांतही हेच घडतं. माझ्या मते या माणसांच्या आयुष्याचा दर्जा सगळ्यांत जास्त कशाने घसरत असेल तर तो या एका सवयीने.

म्हणून त्याची संपूर्ण तपासणी करून घ्या. दंतवैद्याकडे न्या, कान आणि डोळे तपासा, रक्तातली साखर आणि थायरॉइड पाहा. शौचाला रोज होतं का, कडक होतं का, हे दोन आठवडे लिहून ठेवा. प्रौढ मुलाच्या बाबतीत हे घरातही कुणाला नेमकं माहीत नसतं. हालचाल कमी असली की बद्धकोष्ठता वाढते, आणि शांत करणाऱ्या अनेक औषधांनीही वाढते. ती जुनी आणि तीव्र झाली तर जिवावर बेतू शकते, तेव्हा हा विषय लाजेखातर मागे ठेवू नका. बौद्धिक अक्षमता असलेल्यांपैकी साधारण पाचात एकाला फिट्स येतात. काही फिट्स अंग आखडणाऱ्या नसतात, नुसतं काही क्षण हरवल्यासारखं होतं, म्हणून त्याही नजरेआड होतात. भावाला डाऊन सिंड्रोम आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल, तर थायरॉइडची तपासणी दरवर्षी हवी, ऐकू येणं नियमित तपासायला हवं, आणि घोरणं किंवा झोपेत श्वास अडकणं याकडे लक्ष हवं. रात्री श्वास अडकत असेल तर दिवसा चिडचिड होणारच. पुढच्या काळासाठी आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या: एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असल्यामुळे डाऊन सिंड्रोममध्ये अल्झायमर इतरांपेक्षा फार लवकर, पुष्कळदा पन्नाशीतच, दिसू लागतो. त्यामुळे आत्ता त्याला काय काय जमतं याची नोंद करून ठेवलीत तर पुढे काय विसरायला लागला हे ओळखता येईल.

डॉक्टरांकडे जाताना दोन गोष्टी बरोबर न्या. पहिली म्हणजे तो मारून घेतो तेव्हाचं मोबाइलवर काढलेलं छोटं चित्रण. दवाखान्यात तो गप्प बसेल आणि तुमच्या सांगण्यावरच सगळं अवलंबून राहील. दुसरी गोष्ट म्हणजे त्याच्याविषयीचं एक पान. त्याला कसं कळतं, तो 'हो' आणि 'नाही' कसं दाखवतो, दुखलं की काय करतो, कशाची भीती वाटते, कोणती औषधं चालू आहेत. हे पान घरात दाराजवळ ठेवा, रात्री-अपरात्री इस्पितळात न्यायची वेळ आली तर उपयोगी पडतं. डॉक्टर बोलताना तुमच्याकडे पाहून बोलतील. "त्यालाच विचारा, अडलं तर मी सांगते," असं मोकळेपणाने म्हणा.

आता गोळी. नुसत्या आक्रमक वागण्यासाठी, म्हणजे सोबत कोणताही मानसिक आजार निदान झालेला नसताना, सायकोसिसवरची, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजारावरची औषधं देण्याची पद्धत जगभर आहे. २००८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पीटर टायरर आणि सहकाऱ्यांचा या विषयावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बौद्धिक अक्षमता असलेल्या ८६ आक्रमक प्रौढांना रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल किंवा औषध नसलेली गोळी यांपैकी एक देण्यात आली. चार आठवड्यांत तिन्ही गटांत आक्रमकता कमी झाली, आणि सर्वांत जास्त कमी झाली ती औषध नसलेल्या गोळीच्या गटात. म्हणजे केवळ अशा वागण्यासाठी ही औषधं नेहमीचा उपाय म्हणून देऊ नयेत, हा निष्कर्ष त्यातून निघाला. त्यांतली काही औषधं वजन आणि साखर वाढवतात, सुस्ती आणतात. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेने तर २०१६ पासून अशा माणसांना विनाकारण दिल्या जाणाऱ्या औषधांविरुद्ध स्वतंत्र मोहीमच चालवली.

पण कृपा करून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. एकदम थांबवली तर त्रास उलटतो. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: हे औषध नेमकं कशासाठी आहे, फरक पडला हे कशावरून ठरवायचं, आणि फेरविचार कोणत्या तारखेला. या तिन्हींची उत्तरं असतील तर औषधाला जागा असू शकते. चिंता, नैराश्य किंवा खरा मानसिक आजार असेल तर औषधाने माणूस खूप सुखी होतो, हेही मी पाहिलं आहे. उत्तरं नसतील तर डोस वाढवायची घाई करायला नको.

शरीर तपासलं आणि काही सापडलं नाही, किंवा सापडलेलं बरं झालं तरी मारणं चालूच राहिलं, तर ते वागणं काय सांगतं आहे ते वाचायचं. एक वही घ्या. प्रत्येक प्रसंगाला तीनच गोष्टी लिहा: त्याच्या लगेच आधी काय घडत होतं, त्याने नेमकं काय केलं, आणि लगेच नंतर त्याला काय मिळालं किंवा त्याचं काय टळलं. "चिडला" असं लिहू नका, "उजव्या हाताने डोक्यावर मारलं" असं लिहा. तीन आठवड्यांत नक्षी दिसू लागते. बहुतेक वेळा वागण्यामागे चारांपैकी एक कारण निघतं: कुणीतरी जवळ यावं, नको असलेलं काम किंवा गोंगाट टळावा, एखादी वस्तू मिळावी, किंवा रिकाम्या वेळात शरीराला काहीतरी जाणवावं. पत्र वाचून मला शंका येते ती पहिल्या आणि शेवटच्या कारणाची. दिवसभर त्याच्याशी कुणी फारसं बोलत नसेल आणि डोक्यावर मारलं की आई हातातलं काम टाकून धावत येत असेल, तर आईला जवळ बोलावण्याचा त्याच्याकडचा सर्वांत खात्रीचा मार्ग तोच झाला. यात आईचा दोष नाही, त्याचाही नाही. त्याला दुसरा मार्ग द्यायचा: हाताला स्पर्श करणं, "ये" म्हणणं, एखादं चित्र देणं. आणि तो मार्ग वापरल्यावर सुरुवातीला दर वेळी, लगेच, हातातलं सोडून प्रतिसाद द्यायचा. जुना मार्ग मोडायचा तर नवा मार्ग त्याहून जलद चालला पाहिजे.

तो छोटी वाक्यं बोलतो म्हणून संवाद ठीक आहे असं धरून चालू नका. रागात किंवा घाबरल्यावर शब्द सगळ्यांत आधी जातात. बोलणाऱ्या माणसालासुद्धा चित्रांचा, खुणांचा, फोटोंचा आधार द्यावा. "चित्रं दिली तर तो बोलणं सोडून देईल" ही भीती जवळपास प्रत्येक पालक बोलून दाखवतात. ती निराधार आहे, उलट शब्दांना मदतच होते. जवळ वाचा-उपचारतज्ज्ञ असेल तर प्रौढ असला तरी त्याला घेऊन जा.

विचारण्याच्या पद्धतीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण घरोघरी इथेच फसगत होते. १९८० च्या सुमारास कॅरोल सिगलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या मुलाखतींचा अभ्यास केला. एकच गोष्ट उलटसुलट विचारली तरी पुष्कळ जण दोन्ही वेळा "हो" म्हणतात, असं त्यांना आढळलं. आयुष्यभर मोठ्यांच्या मर्जीवर अवलंबून राहिलेला माणूस "हो" म्हणून मोकळा होतो. म्हणून "तुला बाहेर जायचंय ना?" या प्रश्नाचं "हो" हे उत्तर उत्तरच नव्हे. दोन वस्तू किंवा दोन फोटो समोर ठेवा आणि कोणतं ते दाखवायला सांगा. दोन पर्याय तोंडी विचारले तर पुष्कळ जण शेवटी ऐकलेलाच उचलतात, तेव्हा थोड्या वेळाने क्रम बदलून पुन्हा विचारा. आणि विचारून झालं की थांबा. आपण दोन सेकंदांत दुसरा प्रश्न टाकतो. त्याला दहा सेकंद लागू शकतात. बोलता न येणाऱ्यांच्या बाबतीत तर शरीरच उत्तर देतं: जवळ येतो की मान फिरवतो, वस्तू धरून ठेवतो की सोडून देतो.

इथवर जे लिहिलं ते त्रास कमी करण्याबद्दल झालं. तुमचा प्रश्न मात्र चांगल्या आयुष्याचा आहे.

घरचे आणि आम्ही तज्ज्ञही बहुधा विचारतो, "याला अजून काय शिकवता येईल?" मी आता आधी दुसरं विचारते: सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत त्याच्या दिवसात त्याचं स्वतःचं काय आहे? काय तो ठरवतो? तो नसला तर कोणतं काम अडतं? त्याची वाट कोण पाहतं? स्वीडनचे बेंक्ट निर्ये यांनी १९६९ साली हीच गोष्ट धोरणाच्या भाषेत मांडली. बौद्धिक अक्षमता असलेल्यांना इतरांसारखाच दिवसाचा, आठवड्याचा आणि वर्षाचा ताल मिळायला हवा, असं ते म्हणाले. कामाचा दिवस वेगळा, सुट्टीचा वेगळा. राहण्याची जागा एक, काम करण्याची दुसरी, मौजेची तिसरी. त्या काळी मोठमोठ्या संस्थांमध्ये शेकडो माणसं एकाच छपराखाली उठत, जेवत, झोपत, त्यावर हा प्रहार होता. पण माझ्या डोळ्यांसमोर आज अनेक घरं येतात, जिथे प्रेमाची काहीच कमतरता नाही आणि तरी मंगळवार आणि रविवार यांत काडीचा फरक नाही. सोफा, टीव्ही, जेवण, झोप.

पुढे रॉबर्ट शॅलॉक यांच्यासारख्या अभ्यासकांनी जीवनमानाचे आठ पैलू मांडले: शारीरिक स्वास्थ्य, मनाचं स्वास्थ्य, नाती, आर्थिक-भौतिक स्थैर्य, स्वतःचा विकास, स्वतःचे निर्णय, समाजातला सहभाग आणि हक्क. तुमच्या घराकडे या नजरेने एकदा पाहा. शरीर, जेवण, निवारा, माया हे तुम्ही जपलं आहे, आणि ते फार मोठं आहे. रिकामे आहेत ते निर्णय, सहभाग आणि घराबाहेरची नाती. बहुतेक घरांत हेच तीन रिकामे असतात, म्हणून माझा भर त्यांच्यावर.

सुरुवात घरातल्या कामांपासून करा, कारण ती रोज असतात. आई त्याचं सगळं करते, कारण तिने केलं तर पाच मिनिटांत होतं. त्याच्याबरोबर केलं तर पंचवीस मिनिटं लागतात, पण ती पंचवीस मिनिटं तो जगलेला असतो. इंग्लंडमध्ये जिम मॅन्सेल आणि ज्युली बीडल-ब्राउन यांनी या पद्धतीवर पुष्कळ काम केलं. तिचं सूत्र साधं आहे: प्रत्येक कामाचा काही ना काही भाग त्याला करता येतो, मदत थोडी आणि वारंवार द्यायची, तोंडी सांगून जमत असेल तर हात धरायचा नाही, खुणेने जमत असेल तर बोलायचंही नाही. धुतलेले कपडे वाळत घालायचे असतील तर चिमटे लावणं त्याचं. भाजी धुणं त्याचं, ताटं मांडणं त्याचं. "बस, मी करते" हे वाक्य घरातून शक्य तितकं कमी करा. सुरुवातीला तो दोन मिनिटांत उठून जाईल, जाऊ दे; पुन्हा थोड्या वेळाने बोलवा. दोन-तीन महिन्यांत वजनावर, झोपेवर आणि मारण्यावर याचा परिणाम दिसायला हवा. वजनासाठी वेगळा व्यायाम लादण्याआधी मी नेहमी हे करून पाहते.

दिवसाचा तक्ता चित्रांचा करा आणि त्यात दोन-तीन जागा रिकाम्या ठेवा. त्या त्याने भराव्यात. निवड म्हणजे निळा शर्ट की पांढरा एवढंच नको. कुणाबरोबर जायचं, केव्हा झोपायचं, पाहुणे आले तर बाहेर यायचं की खोलीत बसायचं, हेही त्याच्याकडे असू दे. निवडीचा अनुभव नसलेला माणूस पहिल्यांदा भांबावतो किंवा रोज तेच निवडतो. त्यावरून "त्याला काही कळत नाही" असा निकाल देऊ नका. ज्याने कधी पोहणं पाहिलंच नाही तो पोहायला जायचं निवडणार कसा? आधी अनुभव द्यायचा, तोही तीन-चारदा, मग विचारायचं.

इथे धोक्याचा प्रश्न येतो. "एकटा खाली गेला आणि काही झालं तर?" १९७२ साली रॉबर्ट पर्स्की यांनी लिहिलं की धोका पत्करण्यातही माणसाची प्रतिष्ठा असते, आणि प्रत्येक धोक्यापासून वाचवणं म्हणजे तिच्यावर घाला घालणं. मला हे पूर्ण पटतं, पण पालकांचं काळीज कसं धडधडतं तेही मला माहीत आहे. म्हणून धोका तुकड्यांत पाडायचा. आधी तुम्ही बरोबर, मग दहा पावलं मागे, मग तुम्ही कोपऱ्यावर आणि तो दुकानात, मग तुम्ही घरी आणि त्याच्या खिशात पत्ता आणि फोन. प्रत्येक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची नाही. काही धोके खरोखर घेण्यासारखे नसतात, फिट्स येत असताना एकट्याने पोहणं हा त्यांतला एक. पण "काही झालं तर" या तीन शब्दांवर आयुष्य बंद ठेवलं की काहीच होत नाही, चांगलंही नाही.

कामाबद्दल मी आग्रही आहे. सत्तरच्या दशकात अमेरिकेत मार्क गोल्ड यांनी तीव्र अक्षमता असलेल्या प्रौढांना सायकलच्या ब्रेकचे पंधरा भाग जोडायला शिकवलं. ही माणसं असं काही करू शकतील हे तोवर कुणी मानत नव्हतं. गोल्ड यांनी कामाचे अगदी बारीक टप्पे पाडले, बोलणं कमी आणि हाताने दाखवणं जास्त ठेवलं. माणूस शिकला नाही तर दोष शिकवण्याच्या पद्धतीत शोधायचा, असं ते मानत. त्याच विचारातून पुढे सहाय्यित नोकरीची पद्धत रुजली: वर्षानुवर्षं तयारी करत बसण्यापेक्षा आधी खऱ्या कामावर जायचं आणि तिथेच, एका मदतनीसाच्या सोबतीने, शिकायचं. एखाद्या दुकानात माल रचणं, रोपवाटिकेत पिशव्या भरणं, वाचनालयात पुस्तकं जागेवर ठेवणं, कार्यालयात कागद फाडणाऱ्या यंत्राचं काम. सुरुवात आठवड्यातून दोन दिवस, दोन तास पुरेत. त्याला काय आवडतं त्यावरून काम शोधा: पाणी, आवाज, एकटेपणा, माणसं, रचून ठेवणं. आणि पैसे थोडे मिळाले तरी त्याच्या हातात द्या, ते कशावर खर्च करायचे हे त्याला ठरवू द्या. संरक्षित कार्यशाळा, म्हणजे फक्त अपंग व्यक्तींसाठी चालवलेली कामाची केंद्रं, अनेक घरांचा आधार आहेत, त्या मी मोडीत काढत नाही, पण वर्षानुवर्षं एकच वस्तू करत बसणं आणि ती कुणी वापरतही नसेल, तर तिथून पुढे जायचा विचार करा.

नात्यांकडे वळू. त्याच्या आयुष्यातली माणसं मोजा, आणि त्यांतली किती पगार घेऊन किंवा रक्ताच्या नात्याने आलेली आहेत ते पाहा. उरलेला आकडा बहुधा शून्य येतो. मैत्री शिकवून होत नाही, पण ठरावीक वेळी, ठरावीक जागी, तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटली तर ती होण्याची शक्यता वाढते. शाळेतले जुने मित्र शोधा. पालकांचं लक्ष नव्या थेरपीकडे असतं आणि दहा वर्षं एका बाकावर बसलेला मित्र हातातून सुटतो. १९६८ साली शिकागोत सुरू झालेली स्पेशल ऑलिंपिक्स आज अनेक देशांत आहे; तिथल्या खेळांत व्यायाम तर होतोच, शिवाय संघ मिळतो. स्वतःच्या हक्कांसाठी एकत्र येणाऱ्या बौद्धिक अक्षमता असलेल्यांचे गटही आहेत. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये अशा लोकांनी 'आम्ही आधी माणसं आहोत' या अर्थाचं नाव घेऊन स्वतःची संघटना उभी केली. "आमच्याविषयी आम्ही बोलू" हे त्यांनी कुणाची परवानगी न मागता सांगितलं.

एक विषय तुम्ही लिहिलेला नाही, पण सव्वीस वर्षांच्या तरुणाबद्दल बोलताना तो टाळता येत नाही. त्याला लैंगिक भावना आहेत. खाजगी काय आणि चारचौघांत काय, कुणाला कुठे स्पर्श करायचा, नको असेल तर "नाही" कसं म्हणायचं, हे त्याला साध्या शब्दांत आणि चित्रांत शिकवायलाच हवं, आणि शक्यतो वडिलांनी किंवा एखाद्या विश्वासू पुरुषाने. न शिकवल्याने तो निरागस राहत नाही, असुरक्षित राहतो. २०१२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. मानसिक किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांवर लैंगिक अत्याचार होण्याची शक्यता इतर मुलांच्या ४.६ पट असल्याचं त्यात दिसलं. त्याला अंघोळ घालताना, कपडे बदलताना दार लावा, हात लावण्याआधी विचारा. ज्याच्या शरीराला घरात कुणीही न विचारता हात लावतं, तो बाहेर "नाही" म्हणायला कुठून शिकणार?

शेवटी भविष्याचं, कारण तुमच्या प्रश्नात ती भीती सगळीकडे पसरलेली आहे. आई-वडिलांनंतर काय, हे बहुतेक घरांत एखादं आजारपण येईपर्यंत बोललं जात नाही, आणि मग एका रात्रीत त्याचं घर, आई, दिनक्रम सगळंच एकदम जातं. हे आत्ता, आई-वडील धडधाकट असताना बोला, आणि तो खोलीत असताना बोला. संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. त्याचं बारावं कलम सांगतं की कायद्यासमोर या व्यक्तींची निर्णयक्षमता इतरांइतकीच मानावी आणि ती वापरायला लागणारं साहाय्य त्यांना मिळावं. एकोणिसावं कलम कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे निवडण्याच्या हक्काबद्दल आहे. म्हणून पालकत्वाची कागदपत्रं करताना वकिलाला विचारा की कोणत्या बाबीत दुसऱ्याने ठरवणं खरोखर गरजेचं आहे आणि कोणत्या बाबीत मदत मिळाली तर तो स्वतः ठरवू शकेल. आर्थिक तरतूद करताना पैसा नुसता त्याच्या नावावर टाकू नका, तो कोण आणि कोणत्या नियमांनी वापरेल हे लिहून ठेवा.

आणि हे सगळं एकट्या तुमच्या खांद्यावर येऊ देऊ नका. भावंडांनी आयुष्यभराचं वचन घाईत देऊन टाकलं आणि पुढे मनातल्या मनात कुढत राहिली, असं मी फार पाहते. बहीण म्हणून तुमचं नातं टिकणं त्याच्यासाठी तुमच्या सेवेपेक्षा मोलाचं आहे. १९८० च्या सुमारास कॅनडात ज्युडिथ स्नो या अपंग महिलेभोवती तिचे मित्र नियमित जमू लागले आणि तिच्या आयुष्यातल्या अडचणी एकत्र सोडवू लागले. तिथून 'आधारवर्तुळ' ही पद्धत पसरली. तुमच्याकडेही सहा-सात माणसं निघतील: एखादी मावशी, शेजारी, त्याच्या जुन्या बाई, चुलत भाऊ. दोन महिन्यांतून एकदा त्याच्यासह बसा, प्रत्येकाने एकच छोटी गोष्ट उचलायची. एक जण दर शनिवारी त्याला फिरायला नेईल, एक जण बँकेचं पाहील, एक जण कामाची जागा शोधेल.

त्यांच्यापैकीच एखाद्याच्या घरी त्याने आई-वडिलांशिवाय एक रात्र राहावं, असं येत्या दोन-तीन महिन्यांत ठरवा. आधी त्या घराचे फोटो दाखवा, एकदा दुपारी जाऊन या, त्याची उशी आणि पांघरूण बरोबर द्या, ते दाराजवळचं पान द्या. आईला त्या रात्री झोप लागणार नाही, तिला आधीच तसं सांगा. सकाळी त्याला "आवडलं ना?" असं विचारू नका, त्या घराचा आणि आपल्या घराचा फोटो समोर ठेवून, पुढच्या शनिवारी कुठे झोपायचं ते दाखवायला सांगा. त्याने आपल्या घराच्या फोटोवर बोट ठेवलं तर महिनाभर थांबून दुसऱ्या कुणाचं घर करून पाहा.